जुन्या ई २२० च्या मागच्या डिफरन्शियलचा घुंऽऽ आवाज : बेअरिंग बदलावीत की आख्खं डिफ?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी.
आमच्याकडे १९९६ ची मर्सिडीज ई २२० आहे, डब्ल्यू १२४ पिढीची. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात ज्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, त्यातली. वडिलांनी हौसेने घेतली, आता मी चालवतो. सव्वादोन लाख किलोमीटर झालेत, इंजिन अजून खणखणीत आहे.

पावसाळ्याच्या आधीपासून मागून, डिफच्या (डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी) बाजूने एक आवाज येतोय. ताशी ६० ला सुरू होतो, ७५ ते ८५ मध्ये चांगलाच घुमतो, १०० च्या पुढे वाऱ्याच्या आवाजात बुडतो. ऍक्सिलरेटर दाबलेला असताना कमी, पाय काढला की लगेच वाढतो. कसारा घाट गिअरमध्ये उतरताना मागच्या सीटवर बसलेल्याला मोठ्याने बोलावं लागतं. टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून पाहिले, आवाज तसाच.

एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, "डिफ गेलं, भंगारातून दुसरं आणा आणि बसवा." दुसरा म्हणतो फक्त बेअरिंग गेलीत, पण तो स्वतः हात लावायला तयार नाही. मला गाडी विकायची नाही, वरवरचा इलाजही नको. ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सांगा : त्याच डिफमध्ये नवीन बेअरिंग घालणं शहाणपणाचं की आख्खा गोळा बदलणं?

वाटसरू
आधी हब बेअरिंगची खात्री करा. माझ्या गाडीचं डिफ म्हणून खोलायला निघाले होते आणि निघालं मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर ८० ला हलकेच डावीकडे-उजवीकडे झोला द्या. एका बाजूला वजन गेल्यावर आवाज बदलला तर चाकाचं बेअरिंग. नाही बदलला तर पुढचं बोलू.

गोदाकाठ
दिंडोरी रस्त्यावर करून पाहिलं, झोल्याने काहीही फरक नाही. डांबर, काँक्रीट दोन्हीकडे सारखाच आवाज. न्यूट्रल टाकून गाडी सोडली तर बारीक होतो, पूर्ण जात नाही.

मायक्रॉन
गोदाकाठ, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं निदान तिथेच झालं.

आवाज जर फक्त क्राऊन-पिनियनच्या (पिनियन म्हणजे इंजिनाकडून फिरणारं लहान दातेरी चाक, क्राऊन म्हणजे त्याने फिरणारं मोठं) दात्यांचा असेल तर तो लोडवर जास्त अवलंबून असतो. एखाद्या ठरावीक वेगाच्या पट्ट्यात शिट्टीसारखा येतो आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. तुमचा न्यूट्रलमध्येही थोडा उरतो, म्हणजे बेअरिंगचा संशय बळकट.

आता कोणतं बेअरिंग? तुमच्या गाडीला १९५/६५ आर १५ टायर असतील. त्याचा घेर जवळपास २ मीटर, म्हणजे किलोमीटरला ५०० फेरे. ताशी ८० ला चाक मिनिटाला सुमारे ६७० वेळा फिरतं. कॅरियरची, म्हणजे क्राऊनच्या दोन बाजूंची बेअरिंग त्याच गतीने फिरतात. पिनियन मात्र, दोघांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर ३ च्या आसपास धरलं तर, मिनिटाला २००० फेऱ्यांवर असतं. म्हणून कॅरियर बेअरिंगचा आवाज खालच्या सुरातला, घरघरणारा, आणि पिनियन बेअरिंगचा वरच्या सुरातला, घुमणारा. तुम्ही "घुंऽऽ" लिहिलंय, "घर्रर्र" नाही.

पिनियनवर दोन टेपर रोलर बेअरिंग असतात : दात्यांच्या मागे मोठं, आणि फ्लँजच्या (गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतो ती चकती) बाजूला लहान. गाडी ओढत असताना पिनियन क्राऊनपासून दूर ढकललं जातं आणि तो भार मोठं बेअरिंग घेतं. पाय काढला की उलट, पिनियन क्राऊनकडे खेचलं जातं आणि भार बाहेरच्या लहान बेअरिंगवर येतो. तुमचा आवाज पाय काढल्यावर वाढतो. माझा कौल : बाहेरचं, फ्लँजकडचं बेअरिंग.

घाटवळण
वा.खु.सा. (वाचनखूण साठवली). मायक्रॉन सर, तुम्ही धाग्यावर आलात की मी वही घेऊन बसतो.

झटपटराव
एवढं कशाला? प्रॉपेलर शाफ्ट सोडा, पिनियनचा नट अर्धा फेरा आवळा, ९० च्या जागी १४० चं ऑइल भरा. आमच्या जीपचा आवाज असाच बंद केला होता. तासाभराचं काम.

तेलकट हात
झटपटराव, जीपचं माहीत नाही, पण या गाडीवर कृपा करून हे कुणी करू नका. पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये क्रश स्लीव्ह असते, पातळ नळकांडं. नट आवळताना ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत चुरते आणि बेअरिंगवर हवा तेवढा ताण, म्हणजे प्रीलोड, बसतो. ती एकदाच चुरायची असते. पुन्हा आवळलीत तर प्रीलोड वाढतो, बेअरिंग तापतं, रोलर आणि रेस (रोलर ज्यावरून फिरतात ते कडं) निळे पडतात. नंतर नट सैल करून काही परत येत नाही, कारण चुरलेली स्लीव्ह फुगत नाही. मग नवीन स्लीव्हच घालावी लागते.

आणि खड्डे पडलेली रेस नट आवळून गुळगुळीत कशी होणार? आवाज दबतो तो चार महिने. त्यानंतर बेअरिंगचे तुकडे क्राऊनच्या दात्यांत जातात, आणि आज वाचवता येणारी क्राऊन-पिनियनची जोडी कायमची जाते.

झटपटराव
जीपमध्ये स्लीव्ह नव्हती, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) होत्या. हे मला ठाऊक नव्हतं. मुद्दा मान्य.

केतकी_चाकण
गोदाकाठ, एक प्रश्न. गेल्या दोन-तीन वर्षांत कधी पिनियनचं ऑइल सील बदललं होतं का? फ्लँजच्या तोंडाशी, प्रॉपेलर शाफ्ट जोडतो तिथे?

गोदाकाठ
हो! ताई, तुम्हाला कसं कळलं? साधारण दीड वर्षापूर्वी तिथून ऑइल गळत होतं. एका गॅरेजमध्ये सील बदलून घेतलं. गळती थांबली.

केतकी_चाकण
नट कशाने आवळला ते आठवतं? हवेच्या गनने?

गोदाकाठ
मी तिथेच उभा होतो. गननेच. "टर्रर्र" आवाज अजून कानात आहे.

केतकी_चाकण
मग चित्र असं दिसतंय. सील गळत होतं म्हणजे काही काळ डिफमधलं ऑइल कमी होतं. क्राऊन फिरताना ऑइल उडवतं आणि ते डिफच्या घरातल्या, म्हणजे कवचातल्या, खाचेतून पुढच्या बेअरिंगपर्यंत वाहत जातं. पातळी खाली गेली की सगळ्यात आधी उपाशी राहतं ते बाहेरचं बेअरिंग. तिथे पहिली इजा झाली असणार.

त्यावर गन. सील बदलताना फ्लँज काढायचा म्हणजे नट काढायचा. काढण्याआधी पिनियन फिरवायला किती जोर लागतो तो मोजून ठेवायचा, नट आणि शाफ्टवर खूण करायची, आणि परत बसवताना हातपान्याने तेवढाच जोर येईपर्यंत टप्प्याटप्प्याने आवळायचं. गनला हे काही कळत नाही. ती एका दमात स्लीव्ह जास्त चुरते. सुरुवातीला सगळं घट्ट, गुपचूप. वर्षभरात ताणाखालचं बेअरिंग झिजतं, सैल होतं आणि मग गायला लागतं.

मी गिअरबॉक्सच्या तपासणी विभागात काम करते. बेअरिंग फार क्वचित आपणहून मरतं. त्याला बहुतेक वेळा कुणीतरी मारलेलं असतं.

नाना पेठी
केतकीताईंना दंडवत.

आता आख्खं डिफ आणण्याबद्दल. मी पार्टच्या धंद्यात आहे, म्हणून मी "घ्या" म्हणेन असं वाटेल. पण नीट विचार करा. कुर्ल्यात, दिल्लीला मायापुरीत या गाड्यांचे डिफ अजून मिळतात. अडचण अशी :

गुणोत्तर. ई २२० आणि ई २५० डिझेल दोन्ही इथे जुळल्या, शिवाय बाहेरून आलेल्या गाड्यांचेही डिफ फिरतात. बाहेरून सगळे भाऊ-भाऊ दिसतात. घरावर ठोकलेला आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. वेगळं गुणोत्तर बसवलं तर स्पीडोमीटर खोटं बोलेल, कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून येते, डिफमधून नाही.

एबीएस असलेल्या गाडीत मागचा सेन्सर डिफवरच असतो, पिनियनवरच्या दातेरी कड्याचे फेरे मोजतो. एबीएस नसलेल्या गाडीचा डिफ आणलात तर सेन्सरला जागाच नाही. आणि काढताना पहिल्यांदा तो सेन्सर बाहेर घ्या, वर्षानुवर्षांनी चिकटलेला असतो, ओढाओढीत तुटतो.

तिसरं, तुम्ही आणाल तो डिफ सुद्धा पंचवीस-तीस वर्षं जुनाच. उघड्यावर पडलेला, तेल काढून घेतलेला. रोलर जिथे टेकून बसलेत तिथे रेसवर गंजाच्या रेघा पडतात. हाताने फिरवून कळत नाही, गाडीखाली गेला की ८० ला कळतं.

आडगावची राणी
नानाकाका, पार्टवालाच जुना माल घेऊ नका म्हणतोय, आज सूर्य कुठून उगवला?

नाना पेठी
राणीबाई, मला पुढच्या खेपेलाही गिऱ्हाईक हवं असतं. :)

मुंबईकर ४००००१
पाण्याचाही मुद्दा येऊ दे. २६ जुलै २००५ ला आमची डब्ल्यू १२३ (१२४ च्या आधीची पिढी) कलिन्यात पाण्यात उभी होती. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. इंजिन, सीटा, कार्पेट सगळं केलं, डिफकडे कुणी पाहिलं नाही. वर्षभराने आवाज. उघडलं तर आत कॉफीच्या रंगाचा लगदा.

गरम डिफ अचानक गार पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून), सीलच्या ओठावरून पाणी आत ओढलं जातं. पुरातून गाडी गेली असेल तर डिफचं ऑइल त्याच आठवड्यात बदला, कितीही नवीन असो. आणि ब्रीदर मोकळा आहे ना ते बघा. तो चिखलाने बुजला तर आतला दाब सीलवाटे ऑइल बाहेर ढकलतो आणि लोक सीलवर सील बदलत बसतात.

जुना जाणता
डिफच्या आवाजावरून आठवलं. पद्मिनी-अँबॅसेडरच्या काळात जुन्या गाड्यांचे काही दलाल डिफमध्ये लाकडाचा भुसा घालायचे, कुणी केळ्याची सालं. विकायच्या दिवशी गाडी रेशमासारखी. घेणारा जेमतेम घरी पोचायचा. म्हणून माझे काका जुनी गाडी बघायला गेले की सगळ्यात आधी डिफचा प्लग उघडून त्यात करंगळी घालायचे. मालकाने प्लग उघडू दिला नाही तर चहा पिऊन परत.

घाटवळण
केळ्याची सालं!! म्हणजे गाडी विकल्यावर घेणाराच सालीवरून घसरायचा.

परदेशी पाखरू
श्टुटगार्टहून नमस्कार. इथे या गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि हा प्रश्न तितकाच नेहमीचा. बहुतेक लोक मोडीत काढणाऱ्यांकडून दुसरा डिफ आणतात, कारण इथे मजुरी इतकी महाग की डिफ उघडून सेट करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. भारतात गणित उलटं आहे : हात स्वस्त आहेत आणि चांगला जुना डिफ दुर्मिळ. इथलं पाहून तिथे निर्णय घेऊ नका.

सुटे भाग मूळ हवे असतील तर शेजारच्या फेलबाखला मर्सिडीजचं क्लासिक सेंटर आहे. क्रश स्लीव्ह, पिनियन नट, सील हे तरी मूळ घ्या. बेअरिंगवर बनवणाऱ्याचा नंबर कोरलेला असतो, तोच माल नामांकित कंपन्यांकडून थेट मिळू शकतो.

उद्यमनगर
गोदाकाठ भाऊ, आम्ही कोल्हापूरकर. उद्यमनगरात आयुष्य गेलं, ट्रकपासून परदेशी गाड्यांपर्यंत डिफ बसवलेत. सगळं वाचलं. आता काम कसं करतात ते सांगतो, म्हणजे ज्याच्याकडं द्याल त्याला चार प्रश्न विचारता येतील.

खोलायच्या आधी ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. बारीक राखाडी पेस्ट आली तर चालतंय, वयाचा दोष. चमकणारे पापुद्रे आले तर बेअरिंग. दात्याचा कोपरा आला तर मग क्राऊन-पिनियनच बघावं लागंल.

मग मागचं झाकण काढा आणि काहीही सुटं करायच्या आधी तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, पिनियन फिरवायचा जोर. दोन, क्राऊनचा बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, चुंबकी स्टँडवर डायल गेज लावून, चार ठिकाणी. तीन, दात्यांना निळा रंग लावून फिरवा आणि ठसा कुठं पडतोय त्याचा फोटो काढा. हा जुना ठसा म्हणजे कंपनीनं बसवलेली जागा. दोन लाख किलोमीटर दाते एकमेकांशी ह्याच जागी घासून बसलेत. नवीन बेअरिंग घालून आपल्याला त्याच जागी परत जायचं आहे, पुस्तकातल्या आदर्श जागी नव्हं. बरेच फिटर इथं चुकतात. जुनी जोडी नव्या जागी बसवतात आणि गप्प बसलेले दाते गायला लागतात.

कॅरियर बाहेर काढताना डाव्या-उजव्या शिम आणि कॅप वेगळ्या पिशवीत, नाव टाकून. अदलाबदल झाली की बॅकलॅश गेला.

आता खरी गोम. पिनियनच्या मोठ्या बेअरिंगखाली किंवा त्याच्या कपामागं (बाहेरच्या रेसमागं) शिम असते, ती पिनियनची खोली ठरवते. जुनं आणि नवं बेअरिंग एकाच कंपनीचं, एकाच नंबरचं असलं तरी उंचीत काही शतांश मिलिमीटरचा फरक असतो. दोन्ही सारख्या वजनाखाली सरफेस प्लेटवर मोजा. जेवढा फरक, तेवढी शिम कमी-जास्त. हे मोजलं नाही तर बाकी सगळं बरोबर करूनही आवाज राहतो.

बेअरिंग शाफ्टवर हातोडीनं ठोकायचं नाही. तेलात किंवा हीटरवर १०० ते ११० अंशापर्यंत तापवा, आपणहून सरकतं. १२० च्या वर नेऊ नका, पोलादाचा कडकपणा जातो. गॅसची ज्योत तर अजिबात नको.

मग नवीन स्लीव्ह. नट लांब दांड्यानं हळूहळू आवळा, दर टप्प्याला पिनियन दहा-बारा वेळा फिरवा म्हणजे रोलर जागी बसतात, आणि जोर मोजा. मोजायचं यंत्र नसंल तर फ्लँजवर दोरा गुंडाळून स्प्रिंगकाट्यानं ओढा. फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि काटा २ किलो दाखवत असंल तर ते जवळपास १ न्यूटन-मीटर झालं. मोजताना ओढ एकसारखी चालू पाहिजे, सुटतानाचा झटका मोजायचा नाही. किती पाहिजे तो आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. नव्या बेअरिंगला जास्त, वापरलेल्याला कमी असतो. जवळ आलात की नट अंशाअंशानं. शेवटी नटाची कॉलर खाचेत ठोकून कुलूप.

कॅरियर बसवा, बॅकलॅश, मग पुन्हा निळा रंग. ठसा दात्याच्या मुळाकडं गेला तर पिनियन फार आत शिरलंय, टोकाकडं चढला तर फार बाहेर. जुन्या फोटोशी जुळेपर्यंत परत खोला. कंटाळा करणाऱ्याचं हे काम नव्हं.

मायक्रॉन
उद्यमनगर, "त्याच जागी परत जायचं आहे" हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावावं असं आहे. एकच जोड : क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने लॅप केलेले, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेले, असतात आणि दोन्हीवर जुळता क्रमांक कोरलेला असतो. काढल्यावर तो पडताळा. कधीकाळी कुणी वेगळी जोडी बसवली असेल तर तिथेच कळेल.

सोनचाफा
मला बेअरिंगबद्दल विचारायचंय. बाजारात खोटा माल किती येतो! ओळखायचं कसं?

नाना पेठी
फक्त खोक्यावर जाऊ नका, खोकं छापणं सगळ्यात सोपं. रेसवरचं कोरीव काम बघा, अक्षरं सारख्या खोलीची, कडा स्वच्छ. रोलर सगळे एका झळाळीचे. पण मुख्य म्हणजे अधिकृत वितरकाकडून पक्कं बिल घेऊन घ्या. चिंचवडला बेअरिंगचा कारखाना असलेल्या कंपनीचा माल पुण्यात खोटा विकला जातो, यापरता कळस कोणता! अर्ध्या किमतीत देणारा भेटला तर तो बेअरिंग नाही, खोकं विकतोय असं समजा. आणि जुनं बेअरिंग नंबर वाचल्याशिवाय टाकू नका.

तेलकट हात
ऑइल : जीएल-५, ८५डब्ल्यू-९०, मर्सिडीजच्या २३५.० मान्यतेचं. जीएल-४ चालणार नाही, कारण हायपॉइड (पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसलेल्या जोडीचे) दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. त्या दाबाला जीएल-५ मधली रसायनं लागतात. आणि सुरुवातीला भरायचा प्लग सुटतोय ना ते बघा, मगच खालचा सोडा. १४ ची ऍलन की. वरचा अडकला आणि खालून सगळं सांडलं तर गाडी जागची हलणार नाही.

सोनचाफा
धन्यवाद. या धाग्यावरून आमच्या स्वयंपाकघरात बेअरिंगवर चर्चा सुरू आहे. सासूबाईंचं मत : मिक्सरही पाय काढल्यावर घुमतो.

गोदाकाठ
मंडळी, काम झालं. तुम्ही इतकं भरभरून लिहिलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

अंबड एमआयडीसीत टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखवला. उद्यमनगरांचा प्रतिसाद ऐकून म्हणाले, "या माणसाला मोजता येतं. चल, करू." नानांनी सांगितल्याप्रमाणे सेन्सर आधी काढला, चिकटलेलाच होता, भेदक तेल मारून रात्रभर ठेवल्यावर सुटला. ऑइल काळं आणि पातळीच्या खाली. फडक्यात पापुद्रे आले. दात्याचा तुकडा एकही नाही.

पिनियन फिरवायला जोर जवळजवळ लागतच नव्हता, आणि फ्लँज पुढे-मागे करून हाताला प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवत होता. बाहेर काढल्यावर मायक्रॉन सरांचा कौल खरा निघाला : फ्लँजकडच्या लहान बेअरिंगची रेस अर्ध्या घेरात सोललेली, रोलर निळसर. केतकीताईंनी लिहिलं तसंच, ताणाने तापलेलं. मोठ्या बेअरिंगवर बारीक टोचे होते, कॅरियरची दोन्ही ठीक दिसत होती. तरी चारही बदलली. क्राऊन-पिनियनचे क्रमांक जुळले, दाते साफ. क्रश स्लीव्ह नव्या स्लीव्हशेजारी ठेवली तर आखूडपणा नुसत्या डोळ्यांना दिसतो.

नवं मोठं बेअरिंग जुन्यापेक्षा ०.०४ मिलिमीटर उंच निघालं. काकांनी शिम तेवढी घासून कमी केली. पहिल्या जुळणीत ठसा जुन्या फोटोपेक्षा किंचित मुळाकडे वाटला, म्हणून पुन्हा खोललं आणि पुन्हा स्लीव्ह नवी. स्लीव्हा जास्तीच्या मागवून ठेवल्या होत्या, तेवढं शहाणपण कामी आलं. दुसऱ्यांदा ठसा जागेवर. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या रबरी फ्लेक्स डिस्क आणि मधलं सेंटर बेअरिंगही त्याच वेळी बदललं, कारण शाफ्ट खाली होताच.

कसारा उतरून आलो. वडील मागे बसले होते आणि नेहमीच्या आवाजात बोलत होते. ७२ च्या आसपास पाय काढल्यावर अगदी पुसट शिट्टी येते, खिडक्या बंद करून कान दिला तरच. तिची काळजी करू का?

उद्यमनगर
शाब्बास. काकांना आमचा नमस्कार सांगा, ०.०४ ची शिम घासणारा माणूस आता शोधून सापडत नाही. ती शिट्टी दात्यांची आहे. सैल बेअरिंगवर फिरताना पिनियन डुलत होतं, त्यात पाय काढल्यावरची बाजू थोडी वेगळी घासली गेली. आता वाढली नाही तर सोडून द्या. १००० किलोमीटरला ऑइल बदला, नवीन बेअरिंगची पहिली घास निघून जाते, आणि ते पण फडक्यातून गाळून बघा.

केतकी_चाकण
जुनी स्लीव्ह आणि रेस टाकू नका. फोटो इथे चढवा, नवीन लोकांना दाखवायला उपयोगी पडतील. आणि ज्या गॅरेजने गन चालवली तिथेही एकदा नेऊन दाखवा. भांडायला नको, पण पुढच्या गाडीचं डिफ वाचेल.

गोदाकाठ
फोटो आज रात्री टाकतो. गॅरेजमध्येही नेतो, माणूस तसा ऐकणारा आहे.

मुंबईकर ४००००१
या निमित्ताने आमच्या डब्ल्यू १२३ चं पुन्हा मनावर घेतलंय. प्रश्न : त्यात हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) बाहेरून बोल्टने सुटत नाहीत ना?

तेलकट हात
नाही. १२३ मध्ये हाफ शाफ्ट आतून सी-क्लिपने अडकवलेले असतात. मागचं झाकण काढायचं, क्लिप खाचेतून बाहेर घ्यायची, मगच शाफ्ट सरकतो. क्लिप वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात आणि शाफ्टचा आडवा प्ले त्यावर ठरतो, तेव्हा डावी डावीकडेच ठेवा. झाकणाचे बोल्ट सोडण्याआधी ऑइल पूर्ण काढा. वेगळा धागा काढा, फोटो टाकत जा, आम्ही आहोत.

मुंबईकर ४००००१
काढतो. रविवारी गाडी जॅकवर घेतो आणि सुरुवात करतो.